ग्रंथपाल बाईंचे तीन प्रश्न

हे आजवर घरीसुद्धा बोललो नाही. नायगावच्या एका मराठी शाळेत मी पर्यवेक्षक. गणित शिकवतो, वेळापत्रकही मीच लावतो. सातवीचा ग्रंथालयाचा तास वर्षानुवर्षं मी गणितासाठी ढापला. ग्रंथपाल बाईंना काय काम? पुस्तकं द्यायची, घ्यायची, फाटलेल्यांना चिकटपट्टी लावायची. कुठल्या वर्गावर शिक्षक नसले की त्यांनाच धाडायचं, ‘पोरं गप्प बसवा’ म्हणून.

यंदा जूनमध्ये तर मी संस्थेसाठी टिपणच लिहिलं : ग्रंथालयाची खोली संगणकांना द्यावी, बाईंना कार्यालयात बसवावं. कारकुनाने टाइप करून आणलं. सही मात्र केली नाही. कागद खणात पडून राहिला.

मग एका दुपारी फोनवर परिपत्रक आलं, ‘उद्या सर्व शाळांना सुट्टी’. खाली शिक्काबिक्का. मी लगेच पालकांच्या ग्रुपवर टाकलं. दहा मिनिटांत सातवीच्या दोन मुली दारात.

“सर, ते डिलीट करा ना. जुनंय.”

“कोण म्हणतं?”

“कोणी नाय. आम्ही चेक केलं. तारीख झूम करून बघा, दोन वर्षांपूर्वीचंय.”

दुसरी म्हणाली, “कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कशावरून लिहिलं, एवढं विचारल्याशिवाय फॉरवर्ड नाय करायचं, सर.”

“हे कोणी शिकवलं?”

“ग्रंथपाल बाईंनी. ऑफ तासाला. आत्ता तुमचंच तपासायला दिलं होतं.”

मी ते डिलीट केलं, ग्रुपवर माफी मागितली आणि कागद खणातून काढून ग्रंथालयात गेलो. आत नुसता कल्ला! फळ्यावर चाळींच्या पुनर्विकासाच्या अफवा लिहिलेल्या, आणि खरं काय यावरून पोरं तावातावाने भांडत होती. बाई मध्ये उभ्या, मजेत.

“बाई, मी तुमच्याविरुद्ध एक टिपण लिहिलंय,” मी कसंबसं म्हणालो.

“माहितीये. मीच टाइप केलं ते. कारकून म्हणाले, तुम्हाला तसंही काय काम असतं!”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. जूनपासून या बाई मला रोज हसून नमस्कार करत होत्या.

“आता सांगा, सर. कोणी लिहिलं?”

“मी.”

“कधी?”

“जूनमध्ये.”

“कशावरून?”

मी कागद उलटसुलट करून पाहिला. त्या खोलीत मी कित्येक वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं.

“बाई, मग हे पण फेकच!” मागून एक पोरगी ओरडली. सगळ्या वर्गात हशा फुटला. बाई डोळे पुसत हसल्या. मीही हसलो, पोट दुखेपर्यंत. शाळेत असा कधी हसलो होतो, आठवत नाही.

कागद तिथेच फाडला. दुसऱ्या दिवशी सातवीला सांगितलं, ग्रंथालयाचा तास परत मिळाला.

“कशावरून?” सगळी एका सुरात.

मी नवं वेळापत्रक वर धरलं. खाली माझी सही होती. तारखेसकट.