पाहुण्यांआधी खिचडी

आमच्या यावल तालुक्यातल्या दोनशिक्षकी शाळेत बिल्ल्यांची योजना आली, तेव्हा सगळ्यात जास्त मीच हुरळले होते. मुलांना कणखर करायचं, जगण्याची कौशल्यं द्यायची, पाच कौशल्यांचे पाच बिल्ले आणि पाचही मिळाले की जळगावला मोठ्या स्टेजवर सत्कार! पुस्तिकाही गुळगुळीत कागदाची. कौशल्यं काय, तर लहानांची काळजी घेणं, अडचणीत स्वतः निर्णय घेणं, न घाबरता बोलणं. वाचूनच छान वाटायचं हो.

चौथीतल्या एका मुलीने चार बिल्ले पटकावले. आईबाप केळीच्या बागेत मजुरीला, धाकटी दोन भावंडं हिच्याच जिवावर. तिने जळगाव कधी पाहिलं नव्हतं. "बाई, तिथं रेल्वे दिसंन का?" हे तिने मला किती वेळा विचारलं असेल! पाचवा बिल्ला जळगावहून योजनेचे पाहुणे स्वतः शाळेत येऊन देणार होते.

पाहुणे अकराला येणार होते. बारा वाजले, एक वाजला. मार्चातलं आमच्याकडचं ऊन काय सांगावं! मुलं पटांगणात रांगेत बसलेली. खिचडी कधीची शिजून तयार, पण मुख्याध्यापकांचा हुकूम, पाहुण्यांच्या हातून वाढतानाचा फोटो हवा, तोवर भांड्याला हात लावायचा नाही. पहिलीतलं एक पोर रडून रडून आडवं झालं. आणि मी? मी घड्याळ बघत उभी होते, रांग सरळ करत. लाज वाटते सांगायला.

ही चार बिल्ल्यांची पोरगी उठली. स्वयंपाकाच्या मावशींकडे गेली, ओगराळं मागून घेतलं आणि पहिली-दुसरीच्या पोरांना व्हरांड्यात सावलीला बसवून वाढायला लागली. मावशींनीही मुकाट्यानं पातेलं पुढे सरकवलं. मी अडवलं नाही, आणि "बरं केलंस" असंही म्हटलं नाही.

नेमकी त्याच वेळी गाडी आली. पोरांची तोंडं खिचडीने माखलेली, रांगोळीवरून पावलं उमटलेली. पाहुण्यांबरोबरच्या साहेबांनी विचारलं, "कोणाच्या परवानगीने?"

"कोनाच्याच नाही," ती म्हणाली. "पोरायले भूक लागली होती."

साहेबांनी कागदावर लिहिलं, 'सूचनांचे पालन नाही.' पाचवा बिल्ला रद्द!

अरे, कमाल आहे तुमची! काळजी घेतली, निर्णय घेतला, न घाबरता बोलली. तुमच्याच पुस्तिकेतलं सगळं तिने दहा मिनिटांत तुमच्या डोळ्यांदेखत करून दाखवलं, आणि तुम्ही म्हणता नापास? मग काय, उन्हात उपाशी गप्प बसणं म्हणजे कणखरपणा? डोंबल तुमचं कौशल्य! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

पण हे सगळं मनातल्या मनात. त्या शेऱ्याखाली वर्गशिक्षिकेची सही लागत होती. मुख्याध्यापकांनी पेन पुढे केलं. मी सही केली. माझी बदली अडली होती, साहेबांशी वाकडं नको होतं, एवढंच कारण. साहेबांवर किती तोंडसुख घेतलं तरी त्या कागदावर नाव माझं आहे.

पंधरा दिवसांनी मुख्याध्यापक आणि मी पाचही बिल्ले मिळालेल्या तीन मुलांना घेऊन सत्काराला जळगावला निघालो. त्या दिवसापुरते शेजारच्या गावचे सर शाळा सांभाळणार होते. सकाळी फाट्यावर एसटीची वाट बघत होतो, तर ही धाकट्या भावाला कडेवर घेऊन आलेली. मला वाटलं, आता रडेल, भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. मीच विषय काढला, म्हटलं, "पुढच्या वेळी तुला नक्की नेईन गं."

तिने ते ऐकलंच नाही जणू. "बाई, तुम्ही जा बिनघोर," ती म्हणाली. "खिचडी मी वाढीन आज. नव्या सरांले कुठं माहीत, कोन लाजून मागत नाही ते."

एसटी आली. मी मान हलवली आणि चढले.