विद्यार्थी असशील तरच बस

"कुठल्या विद्यापीठाचा?"

सिल्वासातल्या त्या कॉम्प्युटर क्लासात मी पाय टाकला, तर रेखा मॅडमनी नाव-गाव सोडून पहिलं हेच विचारलं. मी पहिली पाळी संपवून थेट तिथे गेलेलो, केसांत धाग्याची कुसं तशीच. शिरपूरकडून बारावी करून आलेला गडी मी, नरोलीच्या धाग्याच्या कारखान्यात मशीनवर. माझं कसलं आलंय विद्यापीठ! म्हणालो, "मॅडम, मी कामगार आहे. ऑफिसात लागायचंय, म्हणून कॉम्प्युटर शिकायचाय."

"मग आधी विद्यार्थी हो. तोवर त्या खुर्चीला हात लावायचा नाही."

बाई सटकलेली आहे, असंच वाटलं मला.

भानगड पुढे कळली. नव्वदीच्या मधली वर्षं होती. बाकीच्या क्लासांत सॉफ्टवेअर म्हणजे कुणाच्या तरी फ्लॉपीवरून उतरवलेला माल. मॅडमना ते जमणारं नव्हतं, आणि पूर्ण किमतीत घ्यायची ऐपत नव्हती. म्हणून त्यांनी मुंबईच्या एका कंपनीकडून विद्यार्थ्यांसाठी सवलतीत मिळणारी लायसन्स घेतली. अट एकच. विद्यापीठात नाव असेल त्यानेच त्या कॉम्प्युटरवर बसायचं, नाहीतर लायसन्स रद्द. मॅडमच्या यजमानांची कंपनी बंद पडलेली, नाशिकहून आलेलं ते घर या एका क्लासवर चालायचं. लायसन्स गेली की घराचं काय, ही धास्ती त्या बाईच्या पोटात कायमची बसलेली.

"उद्या कोणी येऊन विचारलं, तर मी काय सांगू?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्ही टायपिंगच्या सरावाला तेच घ्यायचो. दारात इन केलेला शर्ट दिसला की मॅडमचा चेहरा पडलाच म्हणून समजा. एकदा मीटरवाला "बेन, मीटर क्यां छे?" करत आत आला, तर त्याच्यापुढे त्यांनी आमची सगळी ओळखपत्रं मांडली. तो बिचारा रीडिंग न घेताच पळाला.

वापीच्या कॉलेजात जाणारी पोरं क्लासला थोडीच होती, बाकी आम्ही कारखान्यातले. दुसरी कोणी बाई असती तर काणाडोळा करून मोकळी झाली असती. मॅडम नाशिकला जाऊन मुक्त विद्यापीठाचे फॉर्म घेऊन आल्या आणि आम्हाला सरळ बी.ए.ला बसवलं!

"अहो, मला हिशेबाचा कॉम्प्युटर शिकायचाय, आणि तुम्ही इतिहास वाचायला लावताय?"

"नुसतं नाव घालून नाही चालायचं रे. परीक्षा दिली नाहीस तर नाव गळेल, आणि नाव गळलं की मी बुडाले. वाच, आधी एक धडा वाच, मग माउस."

शिव्या घालत वाचलं. मनातल्या मनात, अर्थात. परीक्षेला सुट्टी मिळेना, तेव्हा मॅडम स्वतः कारखान्याच्या गेटवर आल्या. आमच्या सुपरवायझरला म्हणाल्या, "साहेब, याला सोडा हो, नाहीतर माझा क्लास बंद पडेल." माझी परीक्षा आणि त्यांचा क्लास यांचा काय संबंध, ते साहेबाच्या डोक्यात शिरलंच नाही. गोंधळून त्याने सुट्टी दिली.

आणि एक दिवस मुंबईच्या कंपनीचा माणूस खरंच आला. हातात बॅग, गळ्यात टाय. माझं दुसऱ्या वर्षाचं ओळखपत्र अजून आलेलं नव्हतं, आणि मी नेमका खुर्चीवर! गप्प राहिलो तर निभावेल, असं मनाशी म्हणतोय तोच मॅडम पुढे झाल्या.

"हा बसलाय ना, याचं यंदाचं कार्ड आलेलं नाही. फॉर्म भरलाय. मीच बसू दिलं. चूक माझी."

तो माणूस चाटच पडला. "मॅडम, मी नवं व्हर्जन दाखवायला आलोय."

चहा पिऊन तो गेला. मी खो खो हसायला लागलो, पण मॅडम हसल्या नाहीत. पदराने हात पुसत राहिल्या, कोरडेच हात. म्हणाल्या, "हसू नकोस. हा विचारणारा नव्हता म्हणून वाचलो." मग कार्ड येईपर्यंत मी बाजूच्या स्टुलावर. तिथून शेजारच्याला कुठली कळ दाबायची ते सांगायचं, एवढंच. राग आला होता मला, भयंकर.

तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन गेलो. मॅडमनी गुणपत्रिका वरपासून खालपर्यंत वाचली, परत वाचली आणि आतल्या खोलीकडे बघून ओरडल्या, "अहो, ऐकलं का? आपला पोरगा ग्रॅज्युएट झाला!" यजमान बाहेर आले. मॅडम पेढा खात होत्या आणि रडत होत्या. मलाही भरून आलं. नेहमीसारखी खुर्ची ओढून कॉम्प्युटरपुढे बसलो.

खांद्यावर हात पडला.

"ऊठ, बाळा. आजपासून तू विद्यार्थी नाहीस. आता तुला इथे बसता येणार नाही."

मला वाटलं, थट्टा करतायत. डोळे वाहत होते त्यांचे, पण हात खांद्यावरून हलेना. उठलो. त्यांनी मला दारापर्यंत आणलं, माझी कॉलर नीट केली.

"जा, ऑफिसातल्या जागेचा अर्ज टाक. तुला नको म्हणायची कोणाची टाप नाही."

मीटरवाल्यालाही घाबरणारी ती बाई हे म्हणाली, आणि माझ्या मागे दार लावून घेतलं. इतक्या मायेनं मला कोणी कधी हाकललेलं नाही.