गुलाब लागेपर्यंत

माझ्या आतोबांइतक्या गंभीरपणे वाइन पिणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात नसेल, आणि इतकी कमी पिणाराही नसेल. वर्षातून दोन-तीनदा, तेही घोटभर. पण त्या घोटासाठी आदल्या दिवसापासून घरात लसणाची फोडणी बंद, उदबत्ती बंद, आणि आत्याला पावडर लावायलाही मनाई. "घोट ह्ये घेनार आन् उपास समद्या घराला," आत्या म्हणायची. आतोबा हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. कुठलीही गोष्ट आवडली की नाही, हे त्यांना ठाऊकच नसे. ती आपल्याला बरोबर आली की चुकली, एवढंच त्यांना कळे.

हे सगळं सुरू झालं ते ताईच्या लग्नापासून. ताई म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. ती इटलीतल्या एका शेतकऱ्याच्या घरी पडली. छोटीशी बाग, रासायनिक फवारणी अजिबात नाही, नेब्बिओलो नावाच्या एकाच जातीची काळी द्राक्षं, आणि त्यांची वाइन जुन्या रीतीने मोठमोठ्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं पडून असते. लग्नानंतर तिचे सासरे केडगावला आतोबांच्या घरी आले, तेव्हा येताना एक बाटली घेऊन आले. सगळ्यांना घोट-घोट दिल्यावर त्यांनी आतोबांना विचारलं, कशी वाटली? आतोबा म्हणाले, "उत्तम. फक्त साखर घालायची राहिलीय." इंग्रजी शाळेतली म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडे होतं. मी ते वाक्य बरंच मवाळ करून सांगितलं. पण ताईला हसू आवरेना, आणि तिने जसंच्या तसं सांगून टाकलं. व्याह्यांनी हसत हसत आतोबांना मिठी मारली. ती मिठी आतोबांनी कधीच माफ केली नाही.

जाताना व्याही म्हणाले होते की, चांगल्या नेब्बिओलोत गुलाब लागतो आणि डांबर लागतं. आतोबांनी तिथल्या तिथे ठरवलं: ही दोन्ही ओळखता आल्याशिवाय इटलीत पाऊल ठेवायचं नाही. व्याह्यांपुढे दुसऱ्यांदा नापास व्हायचं नाही.

मग सराव सुरू झाला. ताई येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर बाटल्या पाठवायची. त्या दिवाणाखाली ओल्या गोणपाटात झोपलेल्या असत आणि उन्हाळाभर कूलरचं तोंड त्यांच्याकडे असे. आम्ही भिंतीला टेकून घाम पुसत बसायचो. परीक्षेला तिघं: आतोबा, शेजारचे निवृत्त एसटी ड्रायव्हर अण्णा, आणि मी. आत्या स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसायची. आतोबा बजावायचे, "गिळू नका. घोळवा. हिरड्यांना काय होतंय ते बघा."

"हिरड्या ग्येल्या न्हवं गुरुजी," अण्णा तोंड वेडंवाकडं करत म्हणायचे. "कच्ची सुपारी चघळल्यावानी झालंय."

"डांबर लागतंय का?"

"डांबर हुंगायला बायपासला जा की. फुकाट हाय."

मला कच्च्या जांभळाची साल आठवायची, जीभ घट्ट आवळणारी. मी तसं सांगितलं नाही. मी सहसा सांगत नाही. आतोबा डोळे मिटून बराच वेळ बसायचे आणि शेवटी प्रामाणिकपणे म्हणायचे, "तुरट आहे. पुढे काही लागत नाही." फुलबाजारातून गुलाब आणून त्यांनी शेजारी ठेवून पाहिला. केडगावात नवा रस्ता होत होता, तेव्हा तिथली डांबर लागलेली खडी खिशात घालून आणली. बाटलीतून मात्र काही बाहेर यायला तयार नव्हतं.

तिकडे दर दिवाळीच्या सुमारास द्राक्षांची तोडणी. दर वर्षी ताई फोनवर धुक्यात बुडालेली बाग दाखवायची आणि म्हणायची, "आई, या वर्षी तरी या." आत्या फोन डोळ्यांजवळ धरून बघत राही आणि मला विचारी, "एवढ्या धुक्यात ही कापडं कुठं वाळू घालती गं?" तिला ते प्रत्यक्ष बघायचं होतं. तिचा पासपोर्ट मीच काढून दिला होता. तिने लोकरीचा स्वेटर विणून ठेवला होता, नगरच्या हवेत कोणीही वेडं म्हणेल इतका जाड. आतोबा म्हणायचे, "पुढच्या तोडणीला. जीभ अजून तयार नाही."

"तुमी ऱ्हावा हितं जीभ घिऊन," ती एकदा म्हणाली, "मी जाती." पण एकटी जाणाऱ्यातली ती नव्हती, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या वेळी मला त्यांचा फार राग आला होता. थोडा अजूनही आहे.

आत्या गेली ती उन्हाळ्यात, अचानक. ताई आली तेव्हा सगळं उरकलं होतं. तिने आणलेल्या बाटलीतली वाइन तिने स्वतः केलेली होती, पहिल्यांदाच. "बाबा, ही उघडू नका. कोवळी आहे. हिला बरीच वर्षं लागतील." जाताना तिने तो स्वेटर नेला. या खेपेला आतोबांना या म्हणून म्हणाली नाही.

पुढच्याच आठवड्यात आतोबांनी आम्हा दोघांना बोलावलं. दिवाणाखाली तेवढी एकच बाटली उरली होती. ती त्यांनी वर काढली.

"गुरुजी, पोरगी थांबा म्हनली न्हवं?"

"पुष्कळ थांबलो," आतोबा म्हणाले, आणि त्यांनी बूच ओढलं.

तेवढं कडू मी आजवर काही चाखलेलं नाही. अण्णांनी एक घोट कसाबसा उतरवला आणि ग्लास खाली ठेवला. आतोबा डोळे मिटून बसले. घरात लसणाचा वास होता. फोडणी बंद करायची आठवण कोणालाच राहिली नव्हती.

"गुलाब आहे," ते म्हणाले. मग परत एकदा ग्लास नाकाशी नेला. "हो. गुलाब आहे."

मी पुन्हा घोट घेतला. मला लागला नाही.

"आता जायला हरकत नाही," ते म्हणाले, आणि सवयीने त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. पाट भिंतीला उभा करून ठेवलेला होता.

अण्णा गुडघ्यावर हात टेकत उठले. दिवाणाखालच्या रिकाम्या गोणपाटावर वारा घालत असलेला कूलर त्यांनी फरफटत ओढला आणि त्याचं तोंड आतोबांकडे वळवलं.