मर्जी नसलेले साहेब

नकार द्यायचा असला की भालेराव साहेब आधी चहा सांगायचे. समोरच्याला खुर्चीवर बसवायचे, चहा पाजायचे आणि मग काम का होणार नाही ते सावकाश समजावायचे. त्यामुळे तालुक्यातली माणसं त्यांच्या चहाला भ्यायची. "साहेब, चहा बिलकुल नको, काम तेवढं करा," असं हात जोडून म्हणणारे मी या डोळ्यांनी पाहिलेत.

ते तहसीलदार, मी त्यांच्या हाताखाली कारकून. कुणी "सगळी साहेबांची मर्जी" म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. "मर्जी निजामाची व्हती, बाबा. ती गेली. माझ्याकडं अधिकार हाय, आन् त्याला कारण लागतं." आम्ही नुसतं 'नामंजूर' लिहून ठेवलेला कागद ते तसाच परत धाडायचे. "कारण लिहा. त्याला वर दाद मागता आली पायजे. बिनकारणाचा नकार म्हंजे मुका मार. लागतो, पण दाखवता येत न्हाई."

आष्टीजवळच्या एका खेड्यात रेशन दुकान मंजूर करायचं होतं. अर्जदारांत साहेबांची धाकटी बहीण होती, कौसाबाई. विधवा, शिकलेली, प्रत्येक नियमात चोख बसणारी. साहेबांनी फाइल उघडली आणि एवढंच लिहिलं की अर्जदार माझी सख्खी बहीण आहे, निर्णय दुसऱ्या अधिकाऱ्याने करावा. तो दुसरा अधिकारी भित्रा निघाला. लोक म्हणतील, भावाचं तोंड बघून दिलं. त्याने कौसाबाईंना डावललं, आणि कारण लिहिलंच नाही.

दोन दिवसांनी कौसाबाई कचेरीत आल्या. साहेबांनी सवयीने चहा सांगितला. त्यांनी कप बाजूला सारला.

"दादा, तू एक शबूद टाकला असता तं काय बिघडलं असतं?"

"कौसे, तू अपील कर. हुकमात कारण न्हाई, टिकायचा न्हाई तो."

"सख्खा भाऊ साहेब आन् मी अपील करत फिरू? गाव थुंकंल माझ्यावर."

त्या गेल्या. अपिलाची मुदत टळली तरी अर्ज केला नाही, आणि भावाच्या दारात पुन्हा पाऊल टाकलं नाही. भाचीच्या लग्नालासुद्धा नाही.

मला साहेबांचा फार राग आला होता. एकदा न राहवून मी म्हणाले, "साहेब, हक्क त्यांचाच होता ना?"

"पहिला नंबर तिचाच व्हता," ते म्हणाले. "ती माझी कोणी नसती, तं उघड्या डोळ्यानं दिलं असतं." आणि भरल्या कचेरीत हा माणूस रुमालात तोंड घालून रडला. ते वागले ते बरोबरच होतं, हे मला आजही पटतं.

निवृत्तीनंतर थोड्याच वर्षांत साहेब गेले. कौसाबाई आल्या. बुद्धवंदना संपली तशा माझ्याशेजारी येऊन टेकल्या.

"तुम्ही दादाच्या हापिसात व्हत्या ना? माझं नाव काढायचा का कधी?"

मी सगळं सांगितलं. पहिला नंबर तुमचाच होता म्हणाले, हेही सांगितलं.

"मंग येवढंच माझ्याजवळ बोलायचं व्हतं," त्या म्हणाल्या. "दुकान कोणाला पायजे व्हतं?"