बेबीताईंचा तिरळा गणपती

जुने काही मोडल्याशिवाय बेबीताईंना नवे सुचतच नसे. पेणला रामवाडीत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत त्या कॉम्प्युटरचा क्लास चालवत. प्रोग्रामची नवी आवृत्ती नीट चालली, की जुनी फ्लॉपी हातात घ्यायच्या, कडकन मधोमध मोडायच्या आणि खिडकीखालच्या डब्यात टाकायच्या. वर हात झाडून म्हणायच्या, "झालं! आता मागं बघायचं नाय." रोह्याहून येणारे मी आणि माझा मित्र दिघे ते बघून दर वेळी धसकायचो.

ही सवय घरचीच. पेणजवळच्या जोहे गावात त्यांच्या वडिलांचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. नव्या मूर्तीवरून नवा साचा निघाला की जुना फोडायचा, ही त्या कारखान्याची रीत. झिजलेला साचा शिल्लक राहिला तर घाईगर्दीत कुणीतरी नेमका त्यातच ओततो आणि गणपतीची बोटे पुसट निघतात. ताई डिप्लोमा करून आल्या, मशीनवर भराभर बोटे चालवू लागल्या, पण साचा फोडणारा हात तसाच राहिला. सीझन आला की क्लासला सुट्टी देऊन त्या जोह्याला मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायला बसत. शिकवताना त्यांची भाषा अगदी पाठ्यपुस्तकातली. भांडायला लागल्या की थेट जोहे. त्यामुळे ताई चिडल्यात की नाही, हे ओळखायला फार अक्कल लागत नसे.

नव्वदचे दशक संपत आले होते. मराठीत टाइप करायचे तर महागडे सॉफ्टवेअर घ्या, नाहीतर चोरीचे वापरा, असा मामला. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीतून लिनक्स आमच्या हाती लागले आणि ताईंनी ठरवून टाकले: मराठी लिहायचा प्रोग्राम आपणच करायचा आणि फुकट वाटायचा, आतल्या कोडसकट. "ज्याला पायजे त्यानं न्यावा, पायजे तसा बदलावा. साचा झाकून ठेवायचा नाय." दिघे आणि मी रोह्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये शिफ्टला होतो. आठवडाभर घरी जमेल तेवढे काम करायचे आणि रविवारी गाडीने फ्लॉप्या घेऊन पेण गाठायचे. ताईंच्या मशीनवर सगळ्यांचे काम एकत्र होई. मग खालच्या गिरणीचा आवाज, वर आमचा आवाज आणि ताईंच्या आईने पाठवलेल्या तांदळाच्या भाकऱ्या. त्या रविवारांइतका मी पुढे कुठल्याही नोकरीत रमलो नाही.

एका रविवारी सगळे जोडून झाले, चालवून पाहिले, ताईंनी जुन्या फ्लॉप्या कडाकड मोडल्या. चहा आला आणि दिघ्याने सहज 'सूर्य' टाइप केला. रफार नाही. 'दर्या' नाही, 'वर्ग' नाही, एकूण एक रफार गायब. जोडताना दिघ्याच्या फाइलवर ताईंची जुनी फाइल बसली होती, आणि दिघ्याच्या अख्ख्या पावसाळ्याच्या मेहनतीची एकुलती एक फ्लॉपी डब्यात दोन तुकडे होऊन पडली होती.

"ताई, माझे रफार!" दिघ्याचा चेहरा पडला.

ताईंनी डबा उपडा केला, तुकडे जुळवून पाहिले, चिकटपट्टीसुद्धा मागवली. मग खाली बसून म्हणाल्या, "चुकलं रं माझं. आता साचा फोडायचा नाय. सगळं जुनं जपून ठेवंल, असं कायतरी बसवू."

इथवर एकमत होते. गंमत पुढेच. त्या सीडीत जुने जपणाऱ्या दोन व्यवस्था होत्या. आरसीएस कुलूपवाली: एकाने फाइल घेतली की तिला कुलूप, त्याने परत करेपर्यंत बाकीच्यांनी हात लावायचा नाही. सीव्हीएस मोकळी: सगळ्यांनी एकाच वेळी काम करायचे आणि नंतर जोडायचे. दोघांनी एकाच ओळीला हात लावला असेल तर ती थांबते आणि भांडण कुठे आहे ते दाखवते. दुधाने तोंड पोळलेल्या दिघ्याला कुलूपच हवे होते. ताई मोकळीवर अडून बसल्या. वाद इतका पेटला की दिघे म्हणाला, "मग मी माझी कॉपी घेतो नि रोह्याला वेगळं काढतो."

"ने की! फुकट वाटायला काढलंय, तुला कशाला अडवू? पण दोन दोन मराठी काय करायच्यात रं?"

पुढच्या रविवारी दिघे आलाच नाही. मी गाडीत एकटा. अक्षरांची निम्मी जाण दिघ्याकडे होती. तो गेला असता तर प्रोग्राम लंगडा झाला असता, आणि खरे सांगायचे तर मला प्रोग्रामपेक्षा आमच्या रविवारांची काळजी जास्त होती. ताईंनी मला पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "त्याला जोह्याला घेऊन ये. आखणी बघायला बोलावलंय म्हणून सांग."

दिघ्याला चित्रकलेचा भारी अभिमान, त्यामुळे तो आला. ताईंनी कानाचा टवका उडालेली, विकायला न जाणारी एक मूर्ती पुढे ओढली आणि तिच्या नाकासमोर मधोमध कापड टांगले. "उजवा डोळा तुझा, डावा माझा. एकमेकांचं बघायचं नाय."

दोघांनी जीव ओतून डोळे काढले. कापड बाजूला झाले. गणपतीचा एक डोळा पेणकडे, दुसरा रोह्याकडे.

"अगो बेबे," ताईंची आई तोंडाला पदर लावत म्हणाली, "ह्यो तर तिरला झाला गो!"

सगळा कारखाना हसत सुटला. दिघ्याने मात्र संधी साधली. "मी काय सांगत होतो? एकाच हातानं काढायचा. कुलूप पायजे!"

"व्हय? आणि किल्ली माझ्यापाशी ठेवून मी इथं आखणीला बसले तर? तू रोह्याला हात बांधून बसशील. तिरळा नाय होणार तुझा गणपती, आंधळा राहील."

मग ताईंनी दुसरी टवकलेली मूर्ती घेतली. या वेळी कापड नाही. दिघ्याने एक रेघ ओढली की त्या थांबून बघत, मग आपली ओढत. एकदा दोन्ही डोळ्यांची नजर जुळेना, तेव्हा पांढऱ्या रंगाचा हात फिरवून दोघांनी परत काढले. डोळे सरळ आले. दिघ्याचा थोडा ठसठशीत, पण सरळ.

"ती सीव्हीएस डोळा नाय काढत," ताई म्हणाल्या. "कुठं तिरळा झालाय तेवढं सांगते. काढायचा आपणच, समोरासमोर बसून."

दिघ्याने ब्रश धुऊन ठेवला. मग म्हणाला, "बरं. पण बसायचं म्हणजे बसायचं, ताई. सीझनचं कारण चालणार नाय."

पुढच्या रविवारी सीव्हीएस बसली. तिरळा गणपती क्लासच्या फळीवर आला. दोघांच्या कामाची टक्कर झाली की जो आधी पाही तो ओरडे, "तिरळा झाला!" आणि ज्यांची टक्कर झाली ते दोघे खुर्च्या ओढून शेजारी बसत. रफार परत लिहिले गेले, आधीपेक्षा देखणे. ताईंची फ्लॉपी मोडायची खोड काही लगेच गेली नाही. हात शिवशिवला की त्या खडू मोडत.

काही वर्षांनी ताई लग्न होऊन नागपूरला गेल्या आणि क्लास बंद झाला. निघताना मला वाटले, गणपती त्या सोबत नेतील. त्यांनी तो दिघ्याच्या हातात दिला. "हा जुना साचा फोडायचा नाय, तुझ्याकडं राहू दे," म्हणाल्या आणि डोळे पुसत हसल्या. दिघ्याने तो रोह्यापर्यंत गाडीत मांडीवर धरून नेला.

आता मराठी फोनमध्येच येते, आमच्या प्रोग्रामची कुणाला गरज नाही. पण तो गणपती रोह्याला दिघ्याच्या शोकेसमध्ये आहे. परवा त्याच्या नातीने मूर्तीसमोर उभे राहून विचारले, "आजोबा, याचे डोळे असे का?" रंगवून सरळ करू का, असेही विचारले, ब्रश घेऊनच आली होती.

"हात लावायचा नाय," दिघे घाईने म्हणाला. "एक ताईचा हाय, एक माझा. तेव्हा आम्ही एकमेकांकडं बघत नव्हतो."