दुभाष्याशिवाय झालेली मुलाखत

आधीच सांगते, गूढ अनुभवांचं हे सदर मी नेमाने वाचते ते चुका काढायला. वेळ जुळत नाही, सांगणारा तिथे होताच कशाला, दिवा विझला तो फ्यूज उडाला म्हणून... सवयच आहे ती. बावीस वर्षं बातमीदारी केली आणि आता आमच्या सिंधुदुर्गातल्या गावोगावच्या वार्ताहरांना शिकवते. ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगळं कसं ठेवायचं, पडताळल्याशिवाय का छापायचं नाही, वगैरे. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. आणि खरं सांगायचं तर या अनुभवात भूत नाहीच. पण मी तिथे होते, शुद्धीत होते, रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. तरीही गेले काही महिने मी त्याचं काय करावं ते मला कळलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर आमची दोन दिवसांची कार्यशाळा होती. विषय होता, कामासाठी बाहेरून आलेल्या माणसांच्या बातम्या कशा द्याव्यात. आमच्याकडे आंब्याच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबं असतात, चिरेखाणीवर कर्नाटकातले मजूर, बोटींवर ओडिशा-झारखंडचे खलाशी. त्यांची बातमी येते ती दोनच वेळा. मेले तर, नाहीतर चोरी झाली तर. पहिला दिवस कणकवलीच्या एका हॉलमध्ये, दुसरा मालवणच्या जेटीवर. चौदा वार्ताहर होते, शिकवायला मी आणि आणखी एक प्रशिक्षक.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर दोन शब्द लिहिले. "आपली माणसं पोटासाठी मुंबईला गेली की ती चाकरमानी. दुसऱ्यांची माणसं पोटासाठी आपल्याकडे आली की ती परप्रांतीय. असं का?" मग एक कात्रण दाखवलं. 'परप्रांतीय खलाशी यंत्र चोरून फरार.' खाली पोराचा फोटो, पूर्ण नाव, झारखंडचा असल्याचा उल्लेख. बातमी देणाऱ्याचं नाव मी झाकलं होतं. विचारलं, "यात काय चुकलं?"

एकजण म्हणाला, पोलिसांचं म्हणणं नाही. दुसरी म्हणाली, त्या मुलाची बाजू नाही. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून आवाज आला, "नाव कशाक झाकलास मॅडम? बातमी माजी आसा."

इक्बालभाई. (नाव बदललंय, त्यांच्या परवानगीने.) वय अठ्ठावन्न, मालवणात विजेच्या सामानाचं दुकान आणि वीस-बावीस वर्षं एका दैनिकाचे वार्ताहर. मला खरंच माहीत नव्हतं हो, कात्रणाच्या ढिगातून उचललेलं ते. मी सॉरी म्हणाले. ते उभे राहिले.

"बोटीच्या मालकान सांगल्यान, आधारकार्डाची झेरॉक्स दिल्यान. मी छापलंय. आता त्या पोराक खंय शोधूक जातलंय मी, तुजी बाजू सांग म्हणान?"

"शोधता आला नाही, तर तसं लिहायचं. आणि फोटो द्यायचा नाही," मी म्हटलं.

ते खाली बसले. दुसऱ्या दिवशी येतील असं मला वाटलं नव्हतं. पण सकाळी साडेआठला जेटीवर सगळ्यांच्या आधी तेच हजर होते.

जेटीवर काम सोपं होतं. प्रत्येकाने एका माणसाशी बोलायचं. आधी आपण कोण ते सांगायचं, परवानगी घ्यायची, तरच रेकॉर्डिंग. भाषा येत नसेल तर दुभाष्या घ्यायचा, आणि तो कोण हे वहीत लिहायचं.

जाळी शिवायच्या शेडखाली एक म्हातारी बसली होती. हिरवं लुगडं, गोंदलेलं कपाळ, शेजारी प्लॅस्टिकची पिशवी. मासे निवडणाऱ्या बायकांनी सांगितलं, झारखंडहून आलीय. गावच्या माणसांबरोबर आली, ती माणसं बोटीवर कामाला लागून समुद्रात गेलीत. तीन दिवस इथेच बसून आहे. "कोणाक तरी शोधताशी दिसता. पण तिची भाषा कोणाक कळना नाय. आमी पेज देतो ती खाता, बस."

मी इक्बालभाईंना तिच्या शेजारी बसलेलं पाहिलं. मी असेन पंचवीस पावलांवर. ते बोलत होते, ती बोलत होती. मध्येच तिने पदराने डोळे पुसले, मध्येच ते मान खाली घालून बसले. हातवारे फारसे नव्हते. दोन गाववाले पारावर बसून बोलतात ना, तसं. मला वाटलं, हिंदीत चाललंय. मी दुसऱ्या गटाकडे वळले.

बाराच्या सुमारास आम्ही जवळच्या एका खानावळीच्या माळ्यावर जमलो. इक्बालभाईंनी वही माझ्यापुढे ठेवली. दोन पानं भरून लिहिलेली. त्यांचा चेहरा ओढलेला होता.

वहीत असं होतं: त्या फोटोतला मुलगा हिचा. चोरी केली नाही. बोटीवर जाळं ओढायच्या विंचमध्ये हात सापडला. मालकाच्या माणसांनी फडकं बांधून त्याला मासळीच्या गाडीत बसवून दिलं, घरी जा म्हणून. ताप भरला तसा ड्रायव्हरने वाटेत उतरवलं. एका टायरवाल्याने आसरा दिलाय. त्याच्या फोनवरून मुलाने एकदाच गावी फोन केला. छापलेला फोटो त्याच्यापर्यंत पोचला होता, म्हणून बाहेर पडायला घाबरतो. तापाच्या भरात गावाचं नाव त्याला सांगता आलं नाही, दिसतं तेवढं सांगितलं: वर हायवे, मोठा पूल, खाली नदी, नदीकाठी जुना बाजार. आणि हे कोणाला सांगू नकोस, मला पोलिसात देतील. म्हणून म्हातारीने बरोबरच्या माणसांनाही सांगितलेलं नाही.

"ह्यां खारेपाटण," इक्बालभाई म्हणाले. "माजी सासुरवाडी ती. माका वळाखता."

काम उत्तम होतं. मी मास्तरकी करत विचारलं, "दुभाष्या कोण होता? लिहिलेला नाही."

"कशाक होयो दुभाष्या? ती आपल्यासारखीच बोलता."

"हिंदी?"

"हिंदी खंयची? मालवणी गो."

सगळे हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "रेकॉर्डिंग आसा, आयक," आणि फोन टेबलावर ठेवून सुरू केलं.

आधी त्यांचा आवाज, म्हातारीला आई म्हणून हाक मारणारा. स्पष्ट मालवणी. "आवशी, खंयसून इलंस?" त्यानंतर म्हातारीचा आवाज. त्यातला एक शब्द, एकही शब्द, आम्हा पंधरा जणांपैकी कोणालाही कळला नाही. हिंदीच्या, मराठीच्या जवळपासचीसुद्धा ती भाषा नव्हती. मग पुन्हा इक्बालभाई मालवणीत, पुन्हा ती तिच्या भाषेत. कोणीच अडखळत नव्हतं. "म्हणजे काय?" असं कोणी विचारत नव्हतं.

मी इक्बालभाईंकडे पाहिलं. ते फोनकडे बघत होते. "ह्यां... ह्यां तिचाच आवाज आसा. पण ती अशी नाय बोललेली. माका कळलेला गो बाय, सगळा कळलेला..."

त्यांनी आवाज वाढवला, फोन कानाला लावला. त्यांनाही काही कळत नव्हतं.

रेकॉर्डिंगमध्ये शेवटाकडे एक जागा होती. इक्बालभाई म्हणतात, "आवशी, ती बातमी मियाच लिवलंय. तुज्या झिलाचो फोटो मियाच दिलंय." मग बराच वेळ नुसता समुद्राचा आवाज. मग ती एक छोटं वाक्य बोलते. हा भाग वहीत नव्हता.

आता मी काय केलं ते सांगते. घाबरले नाही. मला जे येतं तेच केलं. रांचीला माझी एक पत्रकार मैत्रीण आहे, मागे एका प्रशिक्षणात भेटलेली, स्वतः आदिवासी. तिला रेकॉर्डिंग पाठवलं आणि एवढंच लिहिलं, "ही भाषा कोणती? बाई काय म्हणते ते जसंच्या तसं सांग." वहीबद्दल, आमच्याबद्दल एक अक्षर कळवलं नाही.

दोनच्या आत तिचा फोन आला. भाषा मुंडारी, म्हणजे झारखंडातल्या मुंडा आदिवासींची; मैत्रिणीची मातृभाषाच. ती हिंदीत सांगत गेली आणि मी इक्बालभाईंची वही पुढे घेऊन ऐकत गेले. विंच. फडकं. मासळीची गाडी. टायरवाला. पूल, नदी, बाजार. क्रमसुद्धा तोच. मी पेन्सिलीने ओळीओळीवर खूण करत गेले; एकही ओळ सुटली नाही.

"शेवटी तो माणूस काहीतरी सांगतो," मैत्रीण म्हणाली. "मराठी असावं, मला नाही कळलं. त्यावर ती म्हणते, 'तूच होय तो? मग त्याच हाताने पुन्हा लिही.' ...हे काय प्रकरण आहे?"

मी तिला नंतर सांगते म्हटलं.

वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. वर्ग दुसऱ्या प्रशिक्षकावर सोपवून आम्ही दोघं जेटीवर गेलो. मैत्रिणीला फोनवर घेऊन म्हातारीला विचारलं, आमच्याबरोबर येशील का? ती लगेच उठली. मैत्रिणीने माझ्या सांगण्यावरून आणखी एक विचारलं, सकाळी या माणसाशी कुठल्या भाषेत बोललीस?

मैत्रिणीने उत्तर दोनदा विचारून घेतलं. "ती म्हणते, आमच्याच. नदीपलीकडच्या गावातले लोक बोलतात तसा बोलतो, जरा हेल काढून."

मालवणीचा हेल ज्याने ऐकलाय त्याला मी काय सांगणार...

गाडीत म्हातारी मागे बसली, इक्बालभाई तिच्या शेजारी. कसालच्या पुढे तिने त्यांना काहीतरी विचारलं. त्यांनी कान दिला, मान हलवली. तिने पुन्हा विचारलं, मोठ्याने, जरा रागाने. ते म्हणाले, "आवशी, माका कळना नाय गो." ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिलाही कळलं नव्हतं, हे मला आरशात स्पष्ट दिसलं. सकाळी अर्धा तास बोललेली दोन माणसं, आणि आता मध्ये भिंत. नंतर तिने त्यांचा हात धरला आणि खारेपाटणपर्यंत सोडला नाही.

टायरवाला शोधायला दहा मिनिटंही लागली नाहीत. इक्बालभाईंच्या मेहुण्याने फोनवरच सांगितलं, पुलाच्या अलीकडे, चौकशी करा. दुकानाच्या मागे पत्र्याच्या खोलीत मुलगा चटईवर पडला होता. हात कोपरापर्यंत सुजलेला. आधी आम्हाला पाहून तो भिंतीला चिकटला, मग आईला पाहिलं. पुढचं लिहीत नाही. ते त्यांचं आहे.

त्याच संध्याकाळी त्याला जिल्हा रुग्णालयात नेलं. दोन बोटं गेली, हात वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवसांनी सांगता आलं नसतं. पोलिसांसमोर डॉक्टरांचा कागद आला तशी मालकाने आपली चोरीची तक्रार मागे घेतली.

बातमी इक्बालभाईंनीच लिहिली. आधी तीन ओळींचा खुलासा, 'आमची चूक' अशा शब्दांत, मग अर्ध्या पानाची बातमी. मुलाला हिंदी येत होती. मी विचारलं, नाव छापायचं की नाही? तो म्हणाला, "छापा. पहिल्यांदा छापलंत तेव्हा विचारलं नव्हतं. आता विचारताय तर छापा." या सदरासाठी मात्र मी त्याला विचारलेलं नाही, म्हणून इथे नाव नाही.

एवढा सगळा भाग मला नीट समजतो. माझ्या कामाचाच तो भाग आहे, आणि तो आम्ही चांगला केला असं मी बेधडक म्हणते. प्रश्न त्या अर्ध्या तासाचा आहे.

मी सगळं तपासलं. इक्बालभाई कधी झारखंडला गेलेले नाहीत, दुकानावर तिकडचा कोणी कामाला नव्हता. मुलाकडून त्यांना आधी काही कळलं असेल? टायरवाल्याने त्यांना ओळखलंसुद्धा नाही. म्हातारीला हिंदीचे चार शब्द येत असतील? रेकॉर्डिंगमध्ये तो एकही नाही. एका भाषेच्या प्राध्यापकांना ऐकवलं. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही माझी गंमत करताय." कार्यशाळेतली एक मुलगी म्हणाली, इक्बालभाईंच्या मनाला बातमी लागली होती म्हणून असं झालं. असेल. पण मनाला लागल्याने मुंडारी येते, हे मी कोणाला शिकवू?

मुलगा बरा झाल्यावर कणकवली स्टेशनवर त्यांना सोडायला आम्ही गेलो होतो. दुपारची गाडी होती. डब्याच्या दारात उभी राहून म्हातारी इक्बालभाईंशी बोलायला लागली. चांगली पाच-सात वाक्यं, हसत, मध्येच त्यांच्या छातीवर बोट ठेवत. ते अगदी पुढे झुकून ऐकत होते. मला वाटलं, आता कळेल.

तिचं बोलून झालं. त्यांनी मुलाकडे पाहिलं.

"म्हणतेय, आमच्या गावी ये," मुलगा हिंदीत म्हणाला. "तिथे बोलू, म्हणते."

गाडी सुटली. इक्बालभाई रिकाम्या फलाटावर बराच वेळ उभे होते. मी विचारलं, काही कळलं का?

"नाय गो," ते म्हणाले. "पण जातलंय."

दिवाळीनंतरचं तिकीट काढलंय त्यांनी. तिथे काय होईल, मला माहीत नाही. जेटीवर काय झालं, तेही माहीत नाही.