बेअरिंगवरच्या अक्षता

आता स्वतःच्याच अकलेचे वाभाडे आपल्याच तोंडानं कसे काढायचे, सांगा! पण चहा पाजलात, तेव्हा ऐका.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. लष्करानं मोडीत काढलेली एक जुनी पिकअप माझ्याकडे होती. चिंचवडहून भुसार माल वाहायचो. माझं लग्न ठरलं, नवरी तळेगावची. घरची गाडी असताना वऱ्हाडाला दुसऱ्याची कशाला? पण मागचं उजवं चाक घरघरायला लागलं होतं.

"बेअरिंग गेलंय," आमचे इस्माईलमिस्त्री म्हणाले. "मी बदलून देतो."

"मिस्त्री, एवढं मलाबी येतं!"

"बरं राव. फकस्त बेअरिंग साफ ठेव. कचऱ्याचा कणसुदिक आत जाता कामा न्हाई."

मी चाक उतरवलं, ड्रम काढला, जुनं बेअरिंग ठोकून बाहेर घेतलं. नवं बेअरिंग असं चकचकीत, की बघत राहावं! नव्या वस्तूची पूजा नको? दसऱ्याला आम्ही पान्यांनाही हळदकुंकू लावतो. याला पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, वर मूठभर अक्षता. हात जोडले. लग्नाचा मुहूर्त चुकला तर पुढचा थेट तीन महिन्यांनी, असं भटजींनी बजावलं होतं. म्हटलं, वेळेत पोचव बाबा.

मग मिस्त्रींचं बोलणं आठवलं. पण पूजेचं फडक्यानं पुसायचं? तेही लग्नाच्या तोंडावर? मी वरूनच ग्रीस थापलं आणि चाक चढवलं.

लग्नाच्या दिवशी मुंडावळ्या बांधून स्टिअरिंगवर मीच. मागे वीस वऱ्हाडी. देहूरोड यायच्या आत करर्र करर्र सुरू!

"काय वाजतंय रं?" मामा ओरडले.

"नवंय मामा. बसायला येळ लागतो."

आवाज वाढला. मी म्हणालो, वजन जास्त झालंय. मामांना उतरवलं. मग आत्या उतरली. मग वाजंत्री, ढोलासकट. शेवटी गाडीत मी एकटा आणि मागून वऱ्हाड पायी! एवढं करून चाकातून धूर निघाला आणि ते जाम झालं.

चालणाऱ्यांत मिस्त्रीही होते. त्यांनी चाक उघडलं, आत बोट फिरवलं. बोटावर ग्रीस, ग्रीसमध्ये तांदूळ.

"हे काय?"

"अक्षता."

मिस्त्रींनी एक दाणा चिमटीत धरून उजेडात बघितला. मग म्हणाले, "बेअरिंगचं लगीन लावलंस व्हय?"

वाटेत भेटलेल्या कडब्याच्या बैलगाडीतून मी आणि मिस्त्री मांडवात पोचलो, बाकी वऱ्हाड मागून. मुहूर्ताला इतका कमी वेळ उरला होता, की अंगावरचा कडबाही कुणी झटकला नाही. मला थेट अंतरपाटाशी उभं केलं. मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता पडायला लागल्या. मिस्त्री मात्र मूठ मिटून उभे.

"टाका की मिस्त्री!" भटजी म्हणाले.

"नको महाराज. यानं अक्षता घातलेलं चाक सकाळीच जाम झालंय. संसार तरी फिरू द्या!"

मांडव हसला. पण अंतरपाटापलीकडूनही बांगड्या वाजल्या आणि खुदकन हसू आलं. बघायला गेलो होतो तेव्हा तिनं मान वर केली नव्हती. म्हणजे बघा, नवऱ्याचं तोंड दिसायच्या आधीच बिचारीला त्याची अक्कल दिसली!